फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो, रॅम की टोयोटा टंड्रा? आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटीला राहता आणि ब्रेनहमजवळ दहा एकर जमीन घेतली आहे. तिथे वापरायला ३५ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आणि झुडपं कापायचा ब्रश कटर घेताय. जमिनीवर अजून शेड नाही, त्यामुळे दर खेपेला ट्रॅक्टर ट्रेलरवर न्यायचा-आणायचा. तो ट्रेलर ओढायला घ्यायचा पिकअप ट्रकच एरवी घरची गाडी म्हणूनही चालवायचा आहे. शेजारी फोर्डशिवाय दुसरं नाव काढू देत नाहीत, ऑफिसातले सहकारी तीन पिढ्यांचे शेव्हीवाले, मुलाच्या बेसबॉल कोचचा जीव रॅमवर, आणि आपली मराठी मंडळी एकमुखाने टोयोटा सांगतात. इतकी माणसं इतक्या ठामपणे बोलतात, तर त्यांच्या निष्ठेत तथ्य किती आणि ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारलंत.

मी ह्यूस्टन भागात एका बांधकाम कंत्राटदाराच्या ट्रकांचा ताफा सांभाळतो. खरेदी, सर्व्हिसिंग आणि म्हातारे झालेले ट्रक विकणं, तिन्ही कामं माझ्याकडे असतात, त्यामुळे चारही कंपन्यांचे ट्रक नवे असताना आणि थकलेले असताना, दोन्ही अवस्थांत बघायला मिळतात. त्या अनुभवावरून सांगतो की कंपनी निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो शेवटी करा. एकाच कंपनीच्या दोन ट्रकांमध्ये जितका फरक असतो, तितका बऱ्याचदा दोन कंपन्यांच्या सारख्याच बांधणीच्या ट्रकांमध्ये नसतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. ट्रेलर महिन्यातून एकदा ओढणार की दर शनिवारी? बरोबर मुलं आणि आई-वडील असणार की तुम्ही एकटे? ट्रक पाच वर्षं ठेवणार की पंधरा? या उत्तरांनी माझा सल्ला बदलेल. तुम्ही चौघं जाणार असं लिहिलंय, म्हणून मी तेच धरून चालतो.

आता वजनाचं बघू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. ब्रोशरमध्ये ‘११,००० पाउंड टोइंग’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो. एसएई जे२८०७ नावाच्या मानकाप्रमाणे तो काढतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर, एसी पूर्ण चालू ठेवून, वेग ताशी ४० मैलांच्या खाली न जाऊ देता ट्रकने तो भार ओढून दाखवावा लागतो. टोयोटाने हे मानक आधी स्वीकारलं, बाकीचे २०१५ च्या आसपास आले, आणि त्यानंतर ब्रोशरमधले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरलेली असतात, तीही प्रत्येकी १५० पाउंडांची. तुमचं कुटुंब त्यात नाही.

तुमचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर दिसतो. पांढरं स्टिकर, वर पिवळी पट्टी, आणि त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये ते लिहिलेलं. हा पेलोड. तो प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो, अगदी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचाही. काचेचं मोठं छत, विजेवर खाली येणाऱ्या पायऱ्या, मोठी चाकं, गरम-गार होणाऱ्या सीट्स, यातली प्रत्येक गोष्ट पेलोड खाते. म्हणून फोर्डची एक्सएल, शेव्हीची वर्क ट्रक किंवा रॅमची ट्रेड्समन ही साधी ट्रिम, म्हणजे त्या मॉडेलची साधी आवृत्ती, त्याच कंपनीच्या सगळ्यात महाग ट्रिमपेक्षा चारशे-पाचशे पाउंड जास्त उचलताना दिसते.

तुमचा हिशेब मांडून दाखवतो. लोडर (पुढची बादली) लावलेला ट्रॅक्टर, ब्रश कटर, दोन ॲक्सलचा १८ फुटी ट्रेलर, साखळ्या, थोडं डिझेल, सगळं मिळून साधारण ७,००० पाउंड धरू. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं जे वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या भागावर बसतं, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १२ टक्के धरले तर ८४० पाउंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे तो भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारं हिच, ८०. तुम्ही चौघं मिळून ६२०, आणि यात ड्रायव्हरही मोजायचा. मागच्या बेडमध्ये टूलबॉक्स, चेनसॉ, पाण्याचा कूलर मिळून १५०. बेरीज १,६९० पाउंड. आता शोरूममध्ये तुम्हाला आवडलेल्या चामड्याच्या सीट्सवाल्या ट्रकच्या दारावर १,४५० लिहिलं असेल, तर ब्रोशरच्या ११,००० पैकी जेमतेम ७,००० ओढत असूनही तुम्ही २४० पाउंडांनी मर्यादेबाहेर आहात. त्याच कंपनीच्या साध्या ट्रिमवर १,९०० लिहिलं असेल, तर २१० पाउंड हातात राहतात. बोनेटवरचा बिल्ला दोन्हींवर एकच.

दुसरं स्टिकर ट्रकच्या मागे वाकून बघायचं, हिच रिसीव्हरवर. त्यावर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एक साध्या बॉल माउंटसाठी, म्हणजे नुसत्या गोळ्यावर ट्रेलर अडकवला तर, आणि दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी. साधी मर्यादा पुष्कळदा ५,००० पाउंडांची असते. तुमच्या वजनाला साधं बॉल माउंट चालणार नाही हे तिथेच कळतं, आणि सेल्समन हे सहसा आपणहून सांगत नाही.

टंग वेट कमी करायला ट्रॅक्टर ट्रेलरवर मागे सरकवायची कल्पना डोक्यात येईल. कृपा करून असं करू नका. ट्रॅक्टर फूटभर मागे गेला तरी दांडीवरचा भार भरकन उतरतो, ट्रक दिसायला छान सपाट उभा राहतो, आणि आय-१० हायवेवर ताशी ६५ मैलांना ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. एकदा झुलायला लागलेला ट्रेलर ब्रेक दाबून थांबत नाही, उलट जास्त चेकाळतो. आमच्या नव्या ड्रायव्हरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: ट्रॅक्टर चढवा, लोडर पुढे असू द्या, ट्रक मागून किती बसतो ते बघा, मग पुढे-मागे सरकवून जागा ठरवा आणि ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा. टेक्सासमध्ये ४,५०० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, त्यामुळे ट्रकमध्ये कंपनीने बसवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आहे का, हेही आत्ताच विचारा. नंतर बसवून घेता येतो, पण कंपनीचा ट्रकच्या ब्रेकशी नीट जुळलेला असतो.

हे सगळं करून बेरीज पेलोडच्या वर गेली, तर एफ-२५० किंवा २५०० च्या, म्हणजे एक पायरी जड ट्रकांच्या वर्गात जावं लागेल. तो ट्रक रिकामा असताना खड्ड्यांवर आदळतो, इंधन जास्त पितो, महाग पडतो. तेव्हा महिन्यातून एकदाच ओढायचं असेल तर जमिनीवर कुलूपबंद कंटेनर ठेवून ट्रॅक्टर तिथेच ठेवणं स्वस्तात पडेल का, याचाही विचार करा. मी ट्रकचा माणूस असूनही तुमच्या जागी असतो तर हा हिशेब आधी केला असता.

आता निष्ठेकडे येऊ. तुमचे शेजारी काही वेडे नाहीत, त्यांच्या प्रेमाला इतिहास आहे. १९६४ पासून अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातकर आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून हा कर आला, म्हणून आजही त्याला ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. परिणाम असा झाला की कारच्या बाजारात जपानी कंपन्या मुसंडी मारत असताना मोठा पिकअप मात्र डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांकडेच राहिला. वडिलांनी फोर्ड घेतली, मुलगा त्याच ट्रकवर गाडी शिकला, त्यानेही फोर्ड घेतली. मिशिगनमध्ये तर ज्या कारखान्यात काका कामाला, त्याच कंपनीचा ट्रक नातेवाइकांना सवलतीत मिळतो. टोयोटाची टंड्रा आली १९९९ मध्ये, आणि २००६ पासून ती सॅन अँटोनिओलाच बनते.

टेक्सास ही या लढाईची मुख्य रणभूमी. इथल्या माणसाला आपलं वाटावं म्हणून फोर्डने किंग रँच ही आवृत्ती काढली, शेव्हीने टेक्सास एडिशन, रॅमने लोन स्टार. टोयोटाने आपला कारखाना ज्या जागेवर आहे तिथल्या जुन्या रँचच्या स्थापनेचं वर्षच नावात घेतलं, १७९४ एडिशन. मागच्या काचेवर प्रतिस्पर्ध्याच्या बिल्ल्यावर लघवी करणाऱ्या पोराचं स्टिकर तुम्ही पाहिलं असेलच. सांगली-कोल्हापूरकडे एकेका घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगाचा ट्रॅक्टर असतो आणि दुसऱ्या रंगाचा दारात उभा राहिला तर भाऊबंद विचारायला येतात, तसलाच हा प्रकार आहे.

या निष्ठेखालची यंत्रं मात्र केव्हाच बदलली आहेत. फोर्ड आणि जीएम (शेव्हीची मालक कंपनी) यांनी २०१३ मध्ये करार करून दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकत्र विकसित केला. तुमचे शेजारी आणि तुमचे सहकारी एकमेकांच्या ट्रकला नावं ठेवतात, पण दोघांचे ट्रक नवे असतील तर गिअरबॉक्सचं मूळ बहुधा एकच निघेल. सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे तर जुळे भाऊ. चासी तीच, इंजिनं तीच. तरीही ‘शेव्ही कधीच नाही, जीएमसीच’ म्हणणारे लोक मला भेटतात. १९७७ पासून एफ-सीरीज हा अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे, हे फोर्डवाले अभिमानाने सांगतात आणि ते खरं आहे. पण त्या दोन जुळ्यांची बेरीज केली तर बऱ्याच वर्षी जीएम पुढे असते. खपावरून चांगलं-वाईट ठरवायला गेलं की असे वाद कधी संपत नाहीत.

आपल्या मंडळींचं टोयोटाप्रेमही तपासून बघू. लुइझियानातल्या एका माणसाची २००७ ची टंड्रा दहा लाख मैल चालली आणि २०१६ मध्ये टोयोटाने ती अभ्यासासाठी परत घेतली, ही गोष्ट खरी आहे. त्या ट्रकमध्ये ४.७ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. २०२२ पासून टंड्रात व्ही८ मिळतच नाही, दोन टर्बोचं ३.५ लिटरचं व्ही६ असतं. त्या नव्या इंजिनात कारखान्यातला धातूचा कीस राहिल्यामुळे २०२४ मध्ये सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जुन्या इंजिनाने कमावलेलं नाव नव्या इंजिनाला आपोआप मिळत नाही.

बाकीच्यांचंही तसंच. जीएमने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही८ साठी अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्यांचा रिकॉल काढला. इंजिन तपासायचं, बिघडलं असेल तर बदलायचं, नाहीतर जाड तेल घालायचं. फोर्डने २०२४ मध्ये छोट्या इकोबूस्ट इंजिनांच्या इनटेक व्हॉल्व्हसाठी सुमारे ९० हजार गाड्या बोलावल्या. रॅमच्या ३ लिटर डिझेलचा २०१९ चा रिकॉल एक लाखाच्या वर होता, त्यात आगीचा धोका होता. रॅमने २०२५ च्या १५०० मधून हेमी व्ही८ काढून टाकलं, निष्ठावंत इतके चिडले की २०२६ च्या मॉडेलमध्ये ते परत आणलं. म्हणून कोणी ‘अमुक कंपनीचा ट्रक मरत नाही’ म्हणालं की मी विचारतो, कोणतं वर्ष आणि कोणतं इंजिन? उत्तर आलं तर ती माहिती फार मोलाची असते, कारण तो माणूस रोज त्या यंत्राबरोबर जगलेला असतो. उत्तर आलं नाही तर ते नुसतं प्रेम आहे, त्याचा मान राखावा आणि पुढे जावं.

तरीही मी स्वतः ताफ्यात एकाच कंपनीचे ट्रक जास्त ठेवतो. ही निष्ठा मला योग्य वाटते, पण तिची कारणं वेगळी आहेत. आमच्या मेकॅनिकांना त्या इंजिनाचे आवाज पाठ आहेत. कोणता सेन्सर आधी जातो, कोणता बोल्ट गंजतो, तेल किती मैलांनी बदललं की इंजिन समाधानी राहतं, हे त्यांना माहीत आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटऱ्या एकाच मापाच्या कपाटात पडून असतात. डीलरचा सर्व्हिस ॲडव्हायझर फोनवर आवाज ओळखतो. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीचा ट्रक घेतला होता, ट्रक चांगला होता. पण एका छोट्या इलेक्ट्रॉनिक भागासाठी तो आठवडेच्या आठवडे डीलरच्या आवारात उभा राहिला, कारण भाग कुठेच शिल्लक नव्हता आणि आमची तिथे कोणाशी ओळखही नव्हती. काम करणाऱ्या माणसाला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा दुरुस्तीची वाट बघत उभा राहिलेला ट्रक जास्त महागात पडतो.

म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना ‘कोणती कंपनी चांगली’ विचारण्याऐवजी विचारा की ट्रक सर्व्हिसला कुठे नेता, वॉरंटीचं काम करताना तिथले लोक कसे वागतात, बदली गाडी देतात का. शेजारी फोर्डवाले असतील आणि त्यांचा माणूस खात्रीचा असेल, तर ते फोर्डच्या बाजूचं खरोखर वजनदार कारण आहे.

कंपन्यांमध्ये फरकच नाही असं मी म्हणत नाही. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे. ती गंजत नाही, वजन वाचतं, पण ठोकर लागली तर हे काम येणारं बॉडी शॉप शोधावं लागतं. हायब्रिड पॉवरबूस्ट घेतलीत तर ७.२ किलोवॉटपर्यंतचा जनरेटर ट्रकमध्येच मिळतो. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या वादळात टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी याच ट्रकवर घरं चालवली. तुमच्या जमिनीवर वीज नसेल तर हा मुद्दा मोठा आहे. रॅमला मागे पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग असतात, त्यामुळे रिकामा ट्रक चालवायला सगळ्यात आरामशीर, पण भरगच्च ट्रिममध्ये पेलोड कमी पडण्याची शक्यताही तिथेच जास्त. टंड्रातही २०२२ पासून कॉइल आहेत. सिल्व्हराडोमध्ये ३ लिटरचं डिझेल मिळतं, लांब पल्ल्याला ओढायचं असेल तर मला ते आवडतं, मात्र रोज केटीहून ऑफिसपर्यंत पाच-दहा मैलच जायचं असेल तर नको. डिझेलच्या धुराचा फिल्टर स्वच्छ राहायला इंजिन नीट तापावं लागतं.

कोणताही घेतलात तरी ॲक्सल रेशो विचारा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा. ओढायचं असेल तर ३.५५ च्या खाली शक्यतो जाऊ नका, ३.७३ किंवा ३.९२ मिळाला तर उत्तम. आणि घरच्या गॅरेजची लांबी टेपने मोजा. चार दारं आणि साडेपाच फुटांचा बेड म्हटलं की ट्रक १९ फुटांच्या वर जातो. केटीतल्या बऱ्याच गॅरेजांत पुढे वॉटर हीटर असतो, मग शटर खाली येत नाही. ट्रेलर ड्राइव्हवेत उभा करायला एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची परवानगी आहे का, तेही बघून ठेवा.

पुढचं पाऊल एवढंच टाका. ट्रॅक्टरचा डीलर जिथे असेल तिथे भाड्याच्या नाहीतर मित्राच्या ट्रकने ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवा आणि हायवेवरच्या कुठल्याही मोठ्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर न्या. थोड्याच पैशांत तुमचं खरं वजन छापील पावतीवर मिळतं, ७,००० हा माझा अंदाज बाजूला पडतो. मग चारही डीलरांकडे जा, प्रत्येक ठिकाणी तुमच्या बजेटमधल्या दोन-तीन ट्रकांचं दार उघडून स्टिकरचा फोटो काढा. वापरलेला ट्रक बघत असाल तर एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉलचं काम झालंय का ते तपासा, ते मोफत आहे. वजनाची पावती आणि स्टिकरांचे फोटो इथेच टाका, शेजाऱ्यांच्या सर्व्हिस सेंटरबद्दल काय कळलं तेही लिहा. मग कोणतं इंजिन आणि कोणती ट्रिम, हे मी नावानिशी सांगेन.